डबीवर नाव कुणाचं? : वस्त्र, शृंगार आणि ‘लिमिटेड एडिशन’चा इतिहास

या मालेत आजवर आपण किल्ले, वेशी, बारव, बाजारपेठा यांवर बोललो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हे काय मध्येच! सौंदर्यप्रसाधनांची एक कंपनी आणि कपड्यांचा एक ब्रँड एकत्र येतात, थोडाच माल काढतात, त्यावर दोघांची नावं छापतात. यात इतिहास कुठून आला? आमचं म्हणणं असं की यात इतिहास भरपूर आहे, आणि त्यात आपल्या नगर जिल्ह्याचाही वाटा आहे.

सुरुवात घरातूनच करू. आपल्याकडे ओटी भरताना काय देतात? खण, नारळ, तांदूळ आणि सोबत हळद-कुंकू. खण हे वस्त्र, कुंकू हा शृंगार. दोन्ही एकाच ताटात. मोठ्या घरची पाठवणी असली की साडी-चोळीबरोबर अत्तर येतं, करंडा येतो. म्हणजे वस्त्र आणि प्रसाधन यांची जोडी आजच्या बाजारानं शोधून काढलेली नाही. बाजारानं एकच केलं, त्या जोडीवर नाव छापलं.

आता नाव कुणाचं छापायचं, हा आजचा खरा प्रश्न. त्यासाठी जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जाऊ. 1725 साली अहिल्यादेवी होळकरांचा जन्म इथे झाला. 2024 मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. 1767 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला, महेश्वरला राजधानी केली, आणि परंपरा सांगते की बाहेरून विणकर आणून तिथे वसवले. पाहुण्यांना, नातलगांना भेट देण्यासाठी साड्या विणून घेतल्या. काठावर घाटाची, नर्मदेच्या लाटांची, किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी. ठरावीक नमुना, ठरावीक संख्या, ठरावीक माणसांसाठी. आजच्या भाषेत याला काय म्हणाल? तेव्हा हा व्यवहार आश्रयाचा होता. विणकराला काम मिळे, राहायला जागा मिळे. पण त्या साड्या विणणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्यापैकी कुणाला माहीत आहे का? वस्त्र ‘महेश्वरी’ झालं, गावाचं झालं. हात मात्र निनावी राहिले.

आता जरा दूर जाऊ, पॅरिसला. 1911 साली पॉल प्वारे या कपडे शिवणाऱ्यानं स्वतःची अत्तराची कंपनी काढली आणि तिला मुलीचं, रोझीनचं, नाव दिलं. 1921 मध्ये कोको शनेलनं ‘शनेल नंबर 5’ बाजारात आणलं. यामागचा हिशोब सरळ होता. शनेलचा पोशाख हजारात एखादीलाच परवडे, पण बाटली अनेकींना घेता येई. पोशाख ज्यांच्या आवाक्याबाहेर, त्यांना पोशाखाचं नाव विकायचं. पुढचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

हीच कल्पना आपल्या मुंबईत आली 1952 मध्ये. टाटा ऑइल मिल्सनं ‘लॅक्मे’ सुरू केली. परकीय चलन वाचवायचे दिवस होते, आणि बायकांची प्रसाधनं परदेशातून येत. ती इथेच बनवा, असं खुद्द नेहरूंनी जे.आर.डी. टाटांना सुचवलं, असं सांगितलं जातं. पण तंत्र कुठून आणायचं? टाटांनी दोन फ्रेंच घराण्यांशी करार केला. त्यातलं एक होतं रोबेर पिगे. हे पिगे मुळात फॅशनवाले, पॅरिसमध्ये पोशाखांचं घर चालवलेले, आणि अत्तरांसाठीही प्रसिद्ध. म्हणजे बघा, भारतातल्या या गाजलेल्या प्रसाधन-नावाच्या जन्मातच कपड्यांच्या घराण्याचा हात आहे. आणि नाव? लिओ दलीबच्या 1883 सालच्या ऑपेरातल्या नायिकेचं. ‘लाक्मे’ हा ‘लक्ष्मी’चाच फ्रेंच उच्चार. आपली लक्ष्मी पॅरिसला जाऊन नवं नाव घेऊन परत आली.

1961 मध्ये सिमोन टाटा या कंपनीत आल्या, 1982 मध्ये अध्यक्ष झाल्या. 1998 पर्यंत टाटांनी लॅक्मे हिंदुस्थान लिव्हरला विकली आणि तो पैसा तयार कपड्यांच्या दुकानांत घातला. ‘ट्रेंट’ आणि ‘वेस्टसाइड’ ही त्याचीच फळं. लिपस्टिकच्या पैशावर कपड्यांचं दुकान उभं राहिलं! इकडे लॅक्मेचं नाव 2000 सालापासून फॅशन वीकला लागलं, आणि 2006 पासून मुंबईत ‘लॅक्मे फॅशन वीक’ वेगळा भरू लागला. पुढे 2018 मध्ये लोरेआल पॅरिस आणि डिझायनर सब्यसाची यांनी मिळून मर्यादित मालिका काढली. तिथे ही पद्धत पूर्ण रूपात दिसली.

आता ही मालिका घडते कशी, ते थोडं समजून घेऊ, कारण इतिहासाची गाठ तिथेच आहे.

पहिली गोष्ट रंग. पैठणीचा रंग लिपस्टिकमध्ये उतरवायचा म्हटलं तर सोपं नाही. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. म्हणून पदर हलला की रंग बदलतो. लिपस्टिकचा रंग एका थराचा. ती झाक आणायला अभ्रकाची चमकदार पूड वापरतात, आणि तीही ओठांना चालेल अशा, कायद्यानं मान्य केलेल्या रंगद्रव्यांबरोबर.

दुसरी गोष्ट डबी. नळीचा नवा साचा बनवणं महाग. थोड्या नगांसाठी तो खर्च भरून निघत नाही. म्हणून बहुतेक वेळा नळी तीच, आतला मूळ लगदाही जवळपास तोच. बदलतात चार-सहा छटा आणि बाहेरचं खोकं.

मग ग्राहक जास्तीचे पैसे कशाचे देतो? नक्षीचे आणि नावाचे. सगळं मोल त्या छापलेल्या बांगडी-मोराचं, त्या आसावलीच्या वेलीचं. आणि नेमकी तीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी दुसऱ्यानंच हातमागावर घडवलेली असते.

इथे कायद्याची एक गंमत आहे. प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच क्रमांक छापावाच लागतो. उद्या ओठ सुजले तर जाब कुणाला विचारायचा, हे कळलं पाहिजे. पण वेष्टनावरची नक्षी कुठल्या मागावरून आली, हे छापण्याची सक्ती नाही. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण ते नोंदलेलं आहे साडीसाठी, कापडासाठी. लिपस्टिकच्या खोक्यावर मोर आला तर ते मानांकन फार काही करू शकत नाही.

म्हणजे काहीच करता येत नाही का? येतं. कोल्हापुरी चपलेचं उदाहरण अगदी ताजं आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्रात ओरड झाली. प्राडानं प्रेरणा कुठली हे मान्य केलं. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकच्या ‘लिडकर’ या सरकारी महामंडळांशी करार झाला : 2,000 जोड, इथल्याच कारागिरांच्या भागात बनवलेले, किंमत सुमारे 800 युरो. हाही ‘लिमिटेड एडिशन’च. फरक एवढाच की करारात कारागिराच्या बाजूनं सही करणारं कुणीतरी होतं. कारागिराच्या हातात शेवटी किती पडतं, हे बघायचं काम अजून बाकी आहे. पण आधी नाव आलं आणि मग करार झाला, हा क्रम लक्षात ठेवा.

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. नकाशा उघडा. एका टोकाला कोपरगाव, तिथून येवला हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या टोकाला शेवगाव, आणि गोदावरी ओलांडली की पैठण. पैठणीच्या दोन्ही पेठा आपल्या शिवेला लागून आहेत. खुद्द नगर शहरात पद्मशाली समाजानं माग चालवले. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये नगरच्या विणकामाला मानाची जागा आहे, त्यात साड्या मुख्य. आज नगरची साडी म्हणून बाजारात वेगळं नाव ऐकू येतं का? नाही. महेश्वरला राजाश्रयानं नाव मिळालं आणि ते टिकलं. पैठणला पेठेनं मिळालं. नगरच्या मागाला नाव मिळालं नाही, आणि ज्याला नाव नाही त्याच्याशी करार करायला कुणी येत नाही.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. तुमच्या घरात आजी-पणजीचं नगरला विणलेलं लुगडं असेल तर त्याचा काठ, त्याचा रंग, ते कुणाकडून घेतलं, हे लिहून ठेवा. फोटो काढून ठेवा. विणणारं घर माहीत असेल तर तेही लिहा. उद्या एखादी कंपनी ती नक्षी डबीवर छापायला आली, तर हा काठ आमच्या अमुक पेठेतला, असं सांगायला हातात कागद लागेल. कोल्हापूरकडे तो होता.

पुढच्या व्याख्यानात नगरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल बोलू.