दुधाचा डबा कोण चोरतं आणि आईचे दिवस कोण चोरतं?

इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि डायपर वारंवार चोरीला जातात. काही दुकानदारांनी डब्यांना अलार्मचे टॅग लावले, काहींनी ते कुलपात ठेवले. कारणं साधी आहेत. डबा लहान, किंमत मोठी. सीलबंद असल्यामुळे बाहेर कमी भावात लगेच खपतो, म्हणून टोळ्याही तो उचलतात. पण खरं कारण आणखी खोल आहे. नवी साडी दिवाळीपर्यंत थांबते, तान्ह्याची भूक संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबत नाही. जी गरज पुढे ढकलता येत नाही, ती महाग झाली की माणूस कोंडीत सापडतो.

आपल्याकडे हा डबा बहुतेक मेडिकलवाल्याच्या काउंटरमागे असतो. पण आता जळगाव-धुळ्यातही हाताने माल उचलायची मोठी दुकानं आली आहेत. अशा दुकानात एखादी बाई पकडली गेली, तर बाळ किती महिन्यांचं, हे कोण विचारतं? पहिला प्रश्न असतो, "कुठल्या वस्तीतली गं तू?" हा प्रश्न आजचा नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. चोरी सिद्ध होण्याची गरजच उरली नाही, जन्म हाच पुरावा ठरला. ज्या भिल्लांनी खान्देशात इंग्रजांशी झुंज दिली, त्यांना सरकारी कागदांत 'लुटारू' म्हटलं गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसांची जुनी नजर कायम राहिली. 'गुन्हेगार' जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य कोट्यवधींच्या संख्येने निर्माण करणाऱ्या व्यवस्थेला सभ्यता कसं म्हणायचं, हा सवाल बाबासाहेबांनी आपल्या लेखनात केला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता दुसरी चोरी पाहू. तिची फिर्याद कुठल्याच ठाण्यात नोंदवली जात नाही.

१८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जिनिंग आणि गिरण्या उभ्या राहिल्या. कापूस वेचायला बाई, जिनिंगमध्ये बाई. बाळाचं काय? १९२१-२२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना दिसलं की, आई कामावर असताना बहुतेक तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवलं जातं. बाळाच्या वाट्याचं दूध आणि आईच्या वाट्याची विश्रांती, दोन्ही नफ्यात जमा होत होती.

२८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार मालकाने उचलावा आणि सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला.

आज हिशोब काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेतल्या पात्र बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस पगारी रजा आहे. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ₹५,००० मिळतात. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ₹३१२ मजुरीने भागा. सोळा दिवस! एका आईला १८२ दिवस, दुसरीला १६. सतराव्या दिवशी ती कामावर जाते, अंगावरचं पाजणं तुटतं, दूध आटतं आणि घरात बाटली येते. पावडर पुरवायची म्हणून त्यात पाणी वाढतं, बाळाला जुलाब लागतात.

आम्ही डब्याची वकिली करत नाही. बाळाच्या पावडरीची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद केली, ते योग्यच झालं. पण आईचं दूध सर्वोत्तम, हे डब्यावर छापून भागत नाही. ते पाजायला आईला दिवस लागतात.

"म्हणजे चोरी बरोबर?" असं काही जण विचारतील. नाही. पंचशीलातलं दुसरं शील आम्हाला मान्य आहे. पण चक्कवत्ती सीहनाद सुत्तात बुद्धांनीच क्रम सांगितला आहे. राजाने निर्धनांना धन दिलं नाही, म्हणून दारिद्र्य वाढलं आणि दारिद्र्यातून चोरी आली. राजाने शिक्षा कडक केली, तेव्हा चोरी थांबली नाही, हिंसा वाढली.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी पाठ कराव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ₹५,००० पेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीत वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे, तुरुंगाची नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो. वस्तीतली बाई ठाण्यात बसवली गेली, तर हे दोन कागद घेऊन पोचा.

मागणीही दोनच शब्दांची: दिवस द्या. असंघटित आईला सहा महिन्यांची मजुरी आणि कामाच्या जागी पाळणाघर. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या दिवसाच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी तिथे जमतो. त्यांचं प्रसूती लाभाचं भाषण २८ जुलैचं, अवघ्या तीन दिवसांच्या अंतरावरचं. यंदा लळिंगला फुलांसोबत हा ठरावही घेऊन जाऊ.

जय भीम!