रुमालाखालचा भाव आणि पाकिटावरची किंमत

१/
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचा गडू घ्यायला आलेल्या यात्रेकरूला भाव विचारावा लागे. तो कुठेही लिहिलेला नसे. आज काडेपेटीवरही किंमत छापलेली असते. मग दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला मनाचा खेळ संपला का?

२/
रामकुंडावर स्नानाला आलेला यात्रेकरू पुन्हा कधी येईल याची शाश्वती नसे. गावातल्या गिऱ्हाइकाशी मात्र खात्याचा, उधारीचा, पिढ्यांचा संबंध. त्यामुळे एकाच वस्तूचे दोघांना दोन भाव सांगितले जात. समोरचा कोण आहे, त्याला किती माहिती आहे आणि किती घाई आहे, हे जोखणे हे दुकानदाराचे खरे कसब होते.

३/
या कसबासाठी एक गुप्त भाषाही होती : नंदभाषा. मराठी मुलखातील व्यापारी आणि दलाल तिच्यात आकडे बोलत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. वस्तू कितीला सोडायची, हे गिऱ्हाइकाच्या समोरच ठरे आणि त्याला त्यातले अक्षरही कळत नसे.

४/
गुरांच्या आणि शेतमालाच्या बाजारात हेच काम रुमाल करी. कापडाखाली बोटे दाबून भाव ठरे आणि माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा राही. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार कायद्याखालील नियमांनी अशा गुप्त खुणांना मनाई केली. लासलगावच्या कांद्याचा आजचा उघड लिलाव हा त्याच बदलाचा भाग आहे.

५/
किरकोळ दुकानात घासाघीस होती. तिचे सूत्र असे : पहिला आकडा जो उच्चारतो, त्याच्या आकड्याभोवती पुढचे बोलणे फिरते. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा परिणाम शास्त्रीय रीतीने मांडला. पेठेला तो आधीपासून ठाऊक होता. म्हणून तर दुकानदार आधी चढा भाव सांगे आणि मग 'तुमच्यासाठी' म्हणून खाली उतरे.

६/
'एकच भाव' ही कल्पना मुळात नैतिक होती. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस असत्य ठरवून सोडली. दुकानात लहान मूल पाठवले तरी ते फसू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बुसिको याने 'बॉन मार्शे' या दुकानात याच पद्धतीवर मोठा व्यापार उभारला. पुढे आपल्याकडेही 'एकच भाव'च्या पाट्या लागल्या.

७/
सर्वत्र मात्र नाही. सराफ बाजारात सोन्याचा दिवसाचा भाव फळ्यावर उघड लिहिलेला असतो. त्यावर वाद होत नाही. वाद होतो घडणावळीवर. घासाघीस तिथे टिकून आहे, फक्त दागिन्याच्या एका भागापुरती.

८/
१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. '९९' हा आकडा आता किमतीत सहज बसू लागला. बाटाच्या जोडांवरील अशा किमती इतक्या परिचित झाल्या की 'बाटा प्राइस' हा शब्दच रूढ झाला.

९/
यामागचे तत्त्व असे, की डोळा डावीकडचा अंक आधी टिपतो. म्हणून २९९ हे तीनशेपेक्षा बरेच कमी भासतात. पण मराठीत एक गंमत आहे. ४९ आपण वाचतो 'एकोणपन्नास', म्हणजे एक उणे पन्नास. डोळ्याला चार दिसतो, जिभेवर पन्नास येतात. किंमत मोठ्याने वाचणाऱ्या आजीवर ही युक्ती कदाचित थोडी कमी चालत असेल.

१०/
छापील किमतीमागे ग्राहकहिताचा विचार होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. आवेष्टित वस्तूंचे नियम १९७७ मध्ये आले. तरी 'स्थानिक कर वेगळे' म्हणून वर पैसे घेण्याची वाट उरली होती. सर्व करांसह कमाल किंमत छापण्याच्या १९९० च्या सक्तीने ती बंद केली.

११/
कायद्याने ही वरची मर्यादा ठरवली. बाजाराने तिलाच 'पहिला आकडा' बनवले. छापील किमतीवर काट मारून शेजारी कमी किंमत लिहिली, की गिऱ्हाईक वाचलेले पैसे मोजू लागते. पूर्वी हे काम दुकानदाराच्या तोंडच्या चढ्या भावाने होई. आता समोर माणूस नसल्यामुळे प्रतिप्रश्नही विचारता येत नाही.

१२/
पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत तर किंमत हलतच नाही, वजन घटते. किंमत सर्वांच्या लक्षात असते, ग्रॅम कोणाच्याच नाही. म्हणून २०२१ च्या नियमदुरुस्तीने प्रतिग्रॅम वा प्रतिकिलो अशी एककाची किंमत छापण्याची तरतूद केली.

१३/
रुमाल गेला, नंदभाषा विस्मृतीत गेली, आणि झाकलेला आकडा घडणावळीत व वजनात जाऊन बसला. पण प्रत्येक वेळी तो उघड करण्यासाठी कोणाला तरी आग्रह धरावा लागला. एककाची किंमत पुड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. ती वाचणे हे त्या जुन्या यात्रेकरूच्या घासाघिशीचेच आजचे रूप आहे.