अनुबोधपट : रंगसंस्करण व ध्वनिमिश्रण

अनुबोधपटाचे (माहितीपटाचे) संकलन पूर्ण होऊन दृश्यांचा क्रम व लांबी निश्चित झाल्यानंतर प्रतिमा आणि ध्वनी यांना प्रदर्शनयोग्य अंतिम रूप देणाऱ्या दोन प्रक्रिया. व्यवसायात त्या कलर करेक्शन व साउंड मिक्सिंग या नावांनी ओळखल्या जातात. कथापटात प्रकाश व आवाज यांची योजना आधीच करता येते. अनुबोधपटात मात्र घटना घडेल त्या उजेडात आणि गोंगाटात टिपावी लागत असल्याने या प्रक्रियांवरील भार वाढतो व मूळ घटनेशी इमान राखण्याची जबाबदारीही वाढते.

रंगसंस्करण : यात प्रथम प्रत्येक शॉटची उजळता आणि श्वेतसंतुलन, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसेल अशी रंगांची जुळणी, दुरुस्त करतात. टंगस्टन दिव्याचे रंगतापमान सुमारे ३,२०० केल्व्हिन व दिवसाच्या उजेडाचे सुमारे ५,६०० केल्व्हिन असल्यामुळे हे संतुलन चुकल्यास चित्र पिवळट किंवा निळसर दिसते. त्यानंतर लगतचे शॉट एकमेकांशी जुळवतात आणि शेवटी संपूर्ण पटाची रंगछटा ठरवतात. या अखेरच्या कामास ग्रेडिंग म्हणतात. मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात १९९७ मध्ये झालेल्या गोळीबारापासून आरंभ होणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) १४ वर्षांच्या चित्रीकरणातून साकारला. इतक्या दीर्घ काळात टिपलेली दृश्ये एकत्र येतात, तेव्हा ही जुळणी विशेष महत्त्वाची ठरते.

ध्वनिमिश्रण : यात मुलाखती, निवेदन, परिसरध्वनी व संगीत यांच्या स्वतंत्र पट्ट्यांची पातळी परस्परांच्या तुलनेत ठरवतात, अनावश्यक खरखर कमी करतात आणि संकलनात पडलेले तुटक सांधे त्याच जागी ध्वनिमुद्रित केलेल्या निव्वळ परिसरध्वनीने भरून काढतात. निवेदनाची पट्टी वेगळी राखल्यास अन्य भाषांतील आवृत्त्या काढणे सोपे जाते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट अनेक भारतीय भाषांत प्रदर्शित होत.

मर्यादा व विवेक : धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाका-उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे व तेथील फटाका-कामासारख्या विषयावरील अनुबोधपटात दोन्ही प्रक्रियांची कसोटी लागते. आडोशाच्या अंधुक जागेतील काम आणि बाहेरचे प्रखर ऊन एकाच पटात येतात, तर फटाक्याच्या झोतात प्रतिमेचा जो भाग तपशील हरवून पूर्ण पांढरा होतो आणि स्फोटाच्या आवाजाचे जे शिखर ध्वनिमुद्रणाची मर्यादा ओलांडून कापले जाते, ते नंतर खऱ्या अर्थाने परत मिळवता येत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या वेळीच प्रकाशमात्रा व ध्वनिपातळी मर्यादेत ठेवावी लागते. मिश्रणात कामगाराचे हळू बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी ते उंचावणे योग्य असते. मात्र ते व स्फोट जवळपास एकाच पातळीवर आणल्यास त्या कामातील धोक्याची जाणीवच पुसली जाते. त्याचप्रमाणे अंधारी जागा उजळ आणि रंग आकर्षक केल्यास कामाची खरी परिस्थिती झाकली जाते. प्रेक्षकाला नीट दिसावे व ऐकू यावे इतपतच हस्तक्षेप करणे आणि घटनेचा स्वभाव बदलू न देणे, हाच अनुबोधपटातील या दोन्ही प्रक्रियांचा मूलभूत निकष होय.