धमनीला शिवलेली शीर

“डॉक्टर, सुई केवढी असते हो?” पहिल्यांदा रक्त देणारा हे विचारतोच. मग मी १९०८ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका बापाची गोष्ट सांगतो. त्याच्या नवजात मुलीचा रक्तस्राव थांबेना. (आता जन्मताच व्हिटॅमिन ‘के’ दिल्याने तो सहसा टळतो.) शरीराबाहेर काढलेलं रक्त लगेच गोठायचं. म्हणून अलेक्सिस कॅरेल या सर्जनने बापाच्या मनगटाची धमनी कापून थेट बाळाच्या पायातल्या शिरेला शिवली. मुलगी वाचली!

१९१४ मध्ये ब्रुसेल्सच्या आल्बेर ह्युस्टिन यांनी सोडियम सायट्रेट मिसळून रक्त न गोठू देता रुग्णाला दिलं. दात्याला रुग्णाशेजारी झोपवायची गरज सरू लागली. आज तुमचं ३५० मिली रक्त ज्या पिशवीत जातं, तिच्यात सायट्रेट आधीच भरलेलं असतं. ते नीट मिसळावं म्हणून पिशवी हलवत राहतात.