गवाही देणारा दिवा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दांडपट्टा, भवानी तलवार, पोवाड्यातली रणधुमाळी. पण तलवारीच्या मुठीखाली विजेची वायर आहे, ती लढवय्याच्या बाहीतून पाठीवर जाते आणि तिथून एका यंत्राला जोडलेली असते, असं चित्र सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. माझ्याही येत नव्हतं. माझ्या भाचीमुळे ते आलं.

माझी भाची तलवारबाजी खेळते. या खेळात तीन हत्यारं असतात : फॉइल, एपी आणि सेबर. तिचं हत्यार एपी. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत तिचा सामना बघायला मी गेलो होतो. पंधरा गुणांचा सामना चौदा-चौदावर आला. दोघी एकाच वेळी पुढे झेपावल्या. मला माझ्या जागेवरून दिसलं, की हिचं पातं समोरच्या मुलीच्या दंडावर टेकून कमानीसारखं वाकलं. पण दिवा लागला तो फक्त समोरचीचा. हिचा लागलाच नाही. हिने रागाने वायर उपसली, तलवार बाजूला टाकली, दुसरी उचलली आणि मग पंचांकडे वळून म्हणाली, "माझी तलवार खराब होती." पंच शांतपणे म्हणाले, "आता उशीर झाला." सामना संपला.

घरी परतताना बसमध्ये ती एकच वाक्य म्हणत होती, "मामू, माझा वार लागला होता."

हे वाक्य तिच्यापूर्वी कितीतरी जणांनी म्हटलेलं आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. तलवारबाजी १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून खेळली जाते. त्या काळी निवाडा डोळ्यांनी व्हायचा. एक मुख्य पंच आणि चार साहाय्यक. दोघांनी एका खेळाडूवर नजर ठेवायची, दोघांनी दुसऱ्यावर. पात्याचं टोक डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने जातं, तेव्हा मतभेद ठरलेले. शिवाय माणूस म्हटला की आपला-परका आलाच. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीचा ओरेस्ते पुलिती आणि हंगेरीचे पंच कोवाच यांच्यात इतकं बिनसलं, की पुलितीला स्पर्धेतून काढलं गेलं. पुढे त्याच वर्षी दोघांनी खरोखरच तलवारी उपसून द्वंद्व केलं. दोघे जखमी झाले आणि अखेर दिलजमाई झाली. खेळातला निवाडा पटला नाही म्हणून रक्त सांडावं, ही गोष्ट फार जुनी नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे.

म्हणून माणसाऐवजी यंत्राला साक्षीला बोलावलं गेलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपीला वीज जोडली गेली. १९५६ला मेलबर्नमध्ये फॉइलची पाळी आली आणि सेबरला १९९२च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं. हा क्रम असाच का, याचं उत्तर हत्यारांच्या स्वभावात आहे. एपीत डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक टेकलं की वार मान्य. यंत्राने एवढंच सांगायचं, टोक दाबलं गेलं की नाही. फॉइलमध्ये फक्त धडावरचा वार धरतात. म्हणून धातूच्या तारांनी विणलेलं जाकीट आलं आणि वार जाकिटावर पडला तर रंगीत दिवा, बाहेर पडला तर पांढरा, अशी सोय झाली. सेबर तर टोकाने नव्हे, धारेनेही खेळतात. खरा वार कोणता आणि नुसतं घासून गेलेलं पातं कोणतं, हे ओळखण्यासाठी त्यात सुरुवातीला एक वेगळा संवेदक बसवला होता. तो भरवशाचा ठरला नाही, म्हणून पुढे काढून टाकावा लागला.

माझ्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो, पण कथलाचा वास आणि मल्टीमीटरचा काटा बालपणापासून ओळखीचा. त्या रात्री भाचीची ती एपी मी जेवणाच्या टेबलावर घेतली.

एपीची रचना समजायला सोपी आहे. पात्याच्या खाचेत दोन बारीक तारा चिकटवलेल्या असतात, टोकापासून मुठीपर्यंत. टोकात दोन स्प्रिंगा. जाड स्प्रिंग टोकाला वर ढकलून धरते. साडेसातशे ग्रॅमचं वजन ठेवलं तरी तिने ते उचलून धरलं पाहिजे. हलकी स्प्रिंग टोक दाबलं जाताच दोन तारा जोडते. जोडल्या की मंडल पूर्ण आणि दिवा लागतो. तिसरी तार हाताच्या संरक्षक वाटीला जोडलेली असते. समोरचीच्या वाटीवर किंवा धातूच्या पट्टीवर टोक आपटलं, तर दिवा लागू नये यासाठी ती असते. दोघींचे वार एका सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाच्या आत पडले, तर दोन्ही दिवे लागतात. त्याहून उशिराचा वार यंत्र घेत नाही.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फॉइलचं मंडल उलटं असतं. ते आधीपासून जोडलेलं असतं आणि टोक दाबल्यावर तुटतं. त्यामुळे फॉइलमध्ये कुठे तार तुटली, की पांढरा दिवा आपोआप लागतो. दोष स्वतःच ओरडून सांगतो. एपीत मात्र तार तुटली तर काहीच होत नाही. खेळाडू खेळत राहते आणि तिचे वार शून्यात जातात. फॉइलचा दोष बोलका, एपीचा मुका.

मुका दोष शोधायची पद्धत अब्बांनी शिकवलेलीच होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तीच तलवार दुसऱ्या वायरवर लावून पाहिली. दोष कायम. म्हणजे अंगावरची वायर निर्दोष. मग टोकाचे दोन बारीक स्क्रू काढले. स्प्रिंगा ठीक होत्या, घामाची आणि गंजाची पूड पुसून घेतली. टोक सरळ दाबलं, तर काटा हलला! म्हणजे सामन्याआधी पंचांनी वजन ठेवून तपासली, तेव्हा ती बरोबरच होती. मग पातं सामन्यात वाकलं होतं तसं वाकवून टोक दाबलं. काटा मेला. सोडलं, पुन्हा जिवंत. वाटीच्या जरा वर खाचेतला गोंद निघाला होता आणि तिथे तार चिरली होती. पातं सरळ असताना चीर मिटायची, वाकलं की उघडायची. वार लागतो तेव्हा पातं वाकतंच. म्हणजे जेव्हा गवाही हवी, नेमकी तेव्हाच साक्षीदार गप्प.

"म्हणजे मी खरंच मारलं होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

हो, बेटा. पण नियमाचं म्हणणंही मी तिला सांगितलं. यंत्राने न नोंदवलेला वार पंच देऊ शकत नाहीत. मात्र तलवारीत दोष सिद्ध झाला, तर समोरचीला मिळालेला शेवटचा वार रद्द होऊ शकतो. फक्त शेवटचा, त्याआधीचे नाहीत. आणि अट एकच : पंचांनी तपासण्याआधी तलवार बदलायची नाही. अब्बा गिऱ्हाइकाला हेच सांगत. "रेडिओ घरी उघडू नका. जसा बिघडलाय तसा आणा. बिघाड आधी मला बघू द्या." भाचीने वायर उपसली त्या क्षणी तिचा एकमेव पुरावा तिच्याच हाताने गेला होता.

ही अट कडक वाटते. पण तिच्यामागे अनुभव आहे. १९७६ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनमधली एपी चालू होती. सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको, चार वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळवलेला नामवंत खेळाडू. ब्रिटनच्या जिम फॉक्सने मागे झुकून त्याचा वार चुकवला, तरी दिवा लागला. आधी वाटलं, यंत्र बिघडलं असेल. ओनिश्चेंकोची तलवार तपासणीला नेली आणि त्याने दुसरी घेऊन खेळ चालू ठेवला. त्या दुसऱ्या तलवारीनेही तो जिंकतच होता! पहिली उघडली, तेव्हा मुठीत लपवलेली कळ सापडली. बोटाने दाबली की मंडल पूर्ण. त्याला बाद करण्यात आलं, त्याचा संघ स्पर्धेबाहेर गेला आणि सांघिक सुवर्ण ब्रिटनने जिंकलं. जो त्याशिवायही जिंकू शकत होता, त्याने कळ का बसवली असेल, हा प्रश्न मला त्या तारांपेक्षा अवघड वाटतो.

आणि कधी कुणीच खोटं बोलत नाही, तरी अन्याय होतो. २०१२ला लंडनमध्ये दक्षिण कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हाइडेमान यांच्यात एपीची उपांत्य लढत होती. बरोबरी राहिली तर शिन जिंकणार होती आणि एकच सेकंद उरला होता. त्या सेकंदात चकमक पुन्हा पुन्हा सुरू झाली, थांबली, आणि घड्याळ मात्र एकावरच. कारण ते पूर्ण सेकंदच दाखवत होतं. अखेर हाइडेमानचा वार लागला. कोरियाने दाद मागितली. मंचावरून उतरणं म्हणजे निकाल मान्य करणं, म्हणून शिन तासाहून अधिक वेळ तिथेच रडत बसून राहिली. दाद फेटाळली गेली. वार खरा होता, दिवाही खरा होता. सेकंद मात्र खरा नव्हता.

आमच्या घरच्या बोलीत 'शहादत' म्हणजे गवाही. माणसाची गवाही डळमळते, म्हणून आपण यंत्राला उभं केलं. पण यंत्राच्या गवाहीचीही उलटतपासणी करावी लागते, आणि ती करणारा शेवटी माणूसच असतो. २०२१मध्ये चेन्नईची भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली. ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळणारी ती पहिली भारतीय. तेव्हापासून आपल्याकडच्या मुली या खेळाकडे वळताना दिसतात. त्यांच्या प्रशिक्षकांना माझी एकच विनंती आहे : पवित्र्याबरोबर त्यांना मल्टीमीटर धरायलाही शिकवा.

भाचीच्या पिशवीत आता तो असतो. सोबत दोन जादा स्प्रिंगा आणि स्क्रूंची डबी. पुढच्या एका सामन्यात पुन्हा तिचा दिवा लागला नाही. या वेळी तिने वायरला हात लावला नाही. हात वर केला, तलवार तशीच धरून उभी राहिली. पंच आले, टोक दाबलं, पातं वाकवून दाबलं. दिवा लागला, प्रत्येक वेळी लागला. तलवार निर्दोष होती.

"मग माझाच वार हुकला," ती म्हणाली, आणि मास्क चढवून आपल्या रेषेवर जाऊन उभी राहिली.