ड्रायफस खटला आणि एक कॅथलिक दैनिक

निकाल लागला की लोक न्यायालयावर खवळतात. फ्रान्समध्ये 1894 साली ते खवळले आरोपीवर. कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस हा तोफखान्यातील ज्यू अधिकारी. जर्मनीला लष्करी गुपिते पुरविल्याच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने त्याला जन्मभर हद्दपार केले. त्यासाठी न्यायाधीशांना गुप्त कागदपत्रे देण्यात आली. बचावाच्या वकिलाला ती दाखविलीच नव्हती! जानेवारी 1895 मध्ये त्याची पदचिन्हे उपटली, तलवार मोडली. बाहेर जमाव ज्यूंच्या मरणाच्या घोषणा देत होता.

खरा गुन्हेगार एस्टरहाझी जानेवारी 1898 मध्ये निर्दोष सुटला. दोनच दिवसांनी एमिल झोलाचे जाहीर पत्र छापून आले; त्याबद्दल झोलालाच शिक्षा झाली. 1899 च्या फेरसुनावणीतही ड्रायफस दोषीच ठरला, मग राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. निर्दोषत्व मिळाले ते 1906 साली.

आपल्याला बोचावे ते निराळेच. असम्प्शनिस्ट संघाचे ‘ला क्र्वा’, म्हणजे ‘क्रूस’, हे दैनिक ज्यूद्वेषात अग्रभागी होते. पहिल्या पानावर क्रुसित ख्रिस्ताचे चित्र, आणि खाली हे लेखन! तो ख्रिस्त ज्यू होता, आणि जमावाच्या आरड्याओरड्यापुढे नमलेल्या पिलातानेच त्याला दंड दिला होता, हे त्या संपादक धर्मगुरूंना ठाऊक नव्हते काय?

जानेवारी 1998 मध्ये त्याच दैनिकाने जाहीर क्षमा मागितली. ड्रायफस 1935 सालीच वारला होता.