एकोणचाळीस आकडी

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

घाबरू नका, ही कुणाच्या खात्यातली शिल्लक नव्हे. एवढी रक्कम काउंटरवर आली तर आमचा कॅशियर त्याच क्षणी आजारपणाची रजा टाकील! १२७ दोन एकमेकांना गुणावेत, गुणाकारातून एक वजा करावा, की हे गृहस्थ उरतात. अंगाने असे अगडबंब. पण एक आणि स्वतः सोडून कुणाचाही यांना निःशेष भाग जात नाही. मूळ संख्या म्हणतात ती हीच.

यांचे नाव प्रथम पुढे केले ते पॅरिसच्या मर्सेन नावाच्या मठवासी साधूने. देकार्त, फर्मा अशा मंडळींशी याचा अखंड पत्रव्यवहार. १६४४ साली त्याने जाहीर केले की, दोनाचे घात २५७ पर्यंत नेऊन एक वजा केला तर अकराच ठिकाणी मूळ संख्या मिळते: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. पुरावा? तो काही जोडलेला नाही. बिनव्हाउचरची नोंद आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तगत नाही. इथे पहिली चूक सापडायला २३२ वर्षे लागली!

ती १८७६ साली एदुआर लुकास या फ्रेंच गणित्याने पकडली. त्याच्या रीतीला लेमरने १९३० मध्ये दिलेले सुटसुटीत रूप मला फार आवडते. समजा, ३१ तपासायचे आहेत. ३१ म्हणजे पाच दोनांचा गुणाकार वजा एक. चारापासून निघा, वर्ग करा, दोन वजा करा, ३१ने भागून बाकी तेवढी ठेवा. ४चे झाले १४. १४चे १९४, बाकी ८. ८चे ६२, बाकी शून्य. पाचात दोन कमी, म्हणून तीनच फेऱ्या. शेवटी शून्य आले की संख्या मूळ. दिवसाअखेर ताळा जमल्याचे सुख ज्याने भोगले आहे, त्याला जास्त सांगायला नको.

१२७साठी मात्र अशा १२५ फेऱ्या, त्याही एकोणचाळीस आकड्यांच्या. लुकासने यंत्राशिवाय, स्वतःच्या रीतीने १२७ खरा ठरवला आणि ६७ खोटा. गंमत अशी की, ६७च्या संख्येला भाग जातो हे नक्की, पण कुणाचा, ते ही रीत सांगत नाही. चोरी सिद्ध, चोर फरारी. तो १९०३ साली अमेरिकेत कोल यांनी धरून आणला: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. त्यासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले म्हणतात. कोलबाईंचे यावरचे मत मला ऐकायला आवडले असते.

पुढे २५७ही खोटा निघाला. ६१, ८९ आणि १०७ राहूनच गेले होते. संपूर्ण ऑडिट आटोपले १९४७ साली. म्हणजे अकरा आकड्यांना ३०३ वर्षे!

लुकास बिचारा १८९१ सालीच गेला. मेजवानीत बशी फुटली, तुकडा गालाला लागला आणि जखम चिघळली. त्याच्या एकोणचाळीस आकडी संख्येचा विक्रम ७५ वर्षे अबाधित होता. १९५१ साली फेरियरने टेबलावरच्या गणकयंत्राने ४४ आकडी मूळ संख्या काढली आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या एड्सॅक संगणकाने ७९ आकडी. पण ती कशी काढली म्हणता? लुकासच्याच संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक एक. यंत्र केंब्रिजचे असेल, भांडवल लुकासचे होते.